पाचशे डहाळ्या

सुन्निवा ब्रेक्केनला भावाच्या वारशात दोन कुत्रे मिळाले. भाऊ, आर्नफिन, तरुणपणीच अलास्कात मासेमारीला गेला आणि तिकडचाच झाला. तो वारल्याचं पत्र आलं आणि त्यामागोमाग, १९५८च्या एप्रिलअखेर, जहाजाने किस्का नावाची कुत्री आणि पॅडी नावाचा कुत्रा आला. जात सायबेरियन हस्की. आमच्या रोडाल गावात ही जात कोणी पाहिली नव्हती. बंदरावरच्या पशुआयात खात्याच्या छापील यादीतही ती नव्हती. यादीत नसलेल्या जनावरांसाठी खात्याकडे वेगळा छापील कागद होता. तो सुन्निवाच्या हातात ठेवण्यात आला.

कागदाचा मजकूर थोडक्यात असा: वर्षभरात या जातीला नॉर्वेत मान्यता मिळाली तर कुत्रे राहतील. न मिळाल्यास ३० एप्रिल १९५९ रोजी त्यांना देशाबाहेर पाठवावं, आणि तेही न जमल्यास स्थानिक लेन्समनने त्यांची विल्हेवाट लावावी. लेन्समन म्हणजे आमच्या दरीचा पोलीस अधिकारी, एस्किल. तो आणि सुन्निवा शाळेत एका बाकावर बसायचे. देशाबाहेर पाठवायला तिकडे आता कोणी नव्हतं, त्यामुळे कागदाचा अर्थ एस्किलची बंदूक असाच होता.

चार महिने विलगीकरणात काढून कुत्रे सप्टेंबरात गावात आले. सुन्निवा टपाल वाटायची. हिवाळ्यात सरोवरापलीकडच्या सात शेतघरांचं टपाल पाठीवर घेऊन स्कीवरून जावं लागे, आणि तिचा उजवा गुडघा दोन हिवाळ्यांपूर्वीच कामातून गेला होता. त्या वर्षी पहिल्यांदा टपाल कुत्र्यांनी ओढलं. किस्का पुढे रस्ता धरायची, पॅडी मागे भार घ्यायचा, आणि सुन्निवा घसरगाडीला बांधलेला दोर धरून त्यांच्यामागे स्कीवरून निघायची. सातही घरांत वर्तमानपत्र ज्या तारखेचं त्याच तारखेला पोचू लागलं. काही म्हाताऱ्यांना ते आवडलं नाही. इतकी घाई कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मान्यतेसाठी शिफारस लागते, आणि ती त्या भागातल्या ओढकुत्रा मंडळाने करायची असते. मंडळ आमच्याकडे होतं. आमच्या लोकांत तीन माणसं एकत्र आली की मंडळ होतं आणि चौथा आला की घटनादुरुस्ती होते. मी मंडळाची चिटणीस होते. शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते, अक्षर वाचता येण्याजोगं आहे आणि फार बोलत नाही, एवढ्या तीन कारणांनी माझी एकमताने निवड झाली होती.

अध्यक्ष होते निवृत्त मेजर ग्राव्हडाल. त्यांनी चौदा महिने ग्रीनलंडमध्ये काढले होते आणि नंतरची एकतीस वर्षं त्या चौदा महिन्यांबद्दल सांगण्यात. त्यांच्याकडे बामसे नावाचा ग्रीनलंडचा कुत्रा होता. भारदस्त, तपकिरी, उदास. युद्ध संपल्यापासून त्याने एकदाच काही ओढलं होतं, ते म्हणजे मंडळाच्या वार्षिक भोजनातला टेबलक्लॉथ. तरी आमच्या मंडळाच्या मनात ओढकुत्रा म्हटलं की बामसेच उभा राहायचा.

पहिली पाहणी नोव्हेंबरात झाली. मेजरसाहेबांनी किस्काची उंची मोजली, छाती मोजली, शेपटी उलगडून मोजली. ती सोडल्यावर पुन्हा गुंडाळली गेली, म्हणून दोन्ही आकडे लिहून घ्यायला सांगितलं. मग ते बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"ही हसते," ते म्हणाले.

सुन्निवा म्हणाली, "तोंडच तसं आहे तिचं, मेजरसाहेब."

"तोंडाचं मी समजू शकतो. पण हा पॅडीसुद्धा हसतोय. ओढणाऱ्या जनावराने आपण ओढतोय याचं भान ठेवायला हवं."

इतिवृत्तात मी त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं: 'जनावरं कामाचा आनंद घेताना दिसतात. शंकास्पद.' सभेत कोणी विरोध केला नाही. आमच्याकडे कोणी बोललं नाही तर ठराव मंजूर झाला असं धरतात, त्यामुळे आमचे बहुतेक ठराव मंजूर होतात.

परत जाताना सुन्निवा मला म्हणाली, "बाई, माझ्या नवऱ्याचा चेहरा बावीस वर्षं गंभीर होता. विहिरीतून एक बादली ओढली नाही त्याने."

मंडळाने असं ठरवलं की चेहऱ्याचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि ओढण्याची चाचणी घ्यावी. नियम युद्धापूर्वीचे होते आणि ते मेजरसाहेबांनीच केले होते. मार्ग दहा किलोमीटरचा, जाऊन येऊन. दर वीस मीटरला बर्चची एक डहाळी बर्फात रोवून मार्ग आखायचा, जसा ईस्टरला डोंगरात जाणाऱ्यांसाठी आखतात. जिथे शेवटची डहाळी, तिथून मागे वळायचं. घसरगाडी म्हणजे आमची पुल्क, होडीसारखी बुटकी आणि लाकडी. तिच्यात कुत्र्यांच्या एकूण वजनाच्या दुप्पट भार. आणि नियम सातवा: चाचणी चालू असताना वाटेतल्या कोणीही हाकणाऱ्याला किंवा परीक्षकाला कसलीही सूचना, सल्ला किंवा मदत द्यायची नाही. दिल्यास चाचणी रद्द. मेजरसाहेबांचा या सातव्या नियमावर विशेष जीव होता. ग्रीनलंडमध्ये त्यांना कोणी सल्ला द्यायला नव्हतं.

चाचणी एकवीस मार्चला ठरली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तो ईस्टरच्या सुट्टीचा पहिला शनिवार. त्या दिवशी अख्खा देश संत्री आणि चॉकलेट पाठीवर बांधून डोंगरातल्या लाकडी घरांत जातो आणि पुढचे दहा दिवस नॉर्वेत काहीही घडू शकत नाही. चाचणी चार एप्रिलवर गेली.

हे पत्र घेऊन मी सुन्निवाकडे गेले. तिने कॅलेंडरवर बोट ठेवलं. पॅडी आणि किस्काची जोडी लागली ती तारीख तिने पेन्सिलीने मांडून ठेवली होती, तीन फेब्रुवारी. मी मोजलं. चार एप्रिल हा साठावा दिवस. कुत्री त्रेसष्टाव्या दिवसाच्या आगेमागे विते.

मी मेजरसाहेबांना लिहिलं की चाचणी पुढे ढकलावी. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. एप्रिलच्या मध्यावर सरोवराचा बर्फ विरघळू लागतो, तेव्हा पुढे ढकलणं म्हणजे पुढच्या हिवाळ्यात नेणं. शिवाय, त्यांनी लिहिलं होतं, नोंद नसलेल्या कुत्रीचा समागम नोंदवता येत नाही. ज्याची नोंद नाही असा समागम मंडळापुढे येऊ शकत नाही. सबब मंडळाच्या दृष्टीने कुत्री गाभण नाही.

सुन्निवाने पत्र दोनदा वाचलं. मग किस्काच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "ऐकलंस ना? उगीच कशाला फुगलीस?"

त्याच आठवड्यात एस्किल तिच्याकडे आला. मी तिथेच होते. तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि हवामानाबद्दल बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला की तीस एप्रिलला गुरुवार येतोय, तर सकाळी बरं पडेल की दुपारी, एवढंच विचारायचं होतं, कारण कागदात वेळ दिलेली नाही.

"तू कॉफी घे," सुन्निवा म्हणाली.

"नको. आज मी कामावर आलोय."

"मग कामावर नसशील तेव्हा ये. आणि सकाळी ये. दुपारी माझं टपाल असतं."

तो गेल्यावर तिने कपबश्या धुतल्या. धुतलेल्याच पुन्हा धुतल्या. मग मला म्हणाली की ती चाचणी देणार. किस्काला नुसतं पुढे धावू द्यायचं, तिचा दोर सैल ठेवायचा, भार सगळा पॅडीवर. दहा किलोमीटर सपाट बर्फ. रोज ती याहून जास्त चालते. आणि न द्यावी तर तीस तारीख आहेच.

मार्ग आखायचं काम श्रमदानाचं, ते एस्किलने घेतलं. मेजरसाहेबांनी हिशेब सांगितला: दहा किलोमीटर, दर वीस मीटरला एक, म्हणजे पाचशे डहाळ्या. मी तो आदेश टंकलिखित केला आणि सही घेतली. काटेकोर सांगायचं तर सुरुवातीची धरून पाचशे एक लागतात, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. दुसरं काही आलं नाही. सहावीच्या वर्गाला मी गणित शिकवते.

चार एप्रिलला सकाळी थंडी होती, आणि गोठून कडक झालेल्या बर्फावर पाऊल उमटत नव्हतं. कुत्र्यांचं एकूण वजन चव्वेचाळीस किलो भरलं, म्हणजे भार अठ्ठ्याऐंशी. वाळूची पोती रात्रभर बाहेर राहून जमिनीला चिकटली होती. मेजरसाहेब म्हणाले की जनावरांचं निरीक्षण जवळून व्हायला हवं, आणि स्वतःच काट्यावर चढले. लोकरी कपड्यांसकट शहाऐंशी. कॉफीचा थर्मास आणि डब्यातले तपकिरी चीज लावलेले पाव मिळून दोन किलो. इतकं अचूक वजन मंडळाच्या इतिहासात कधी भरलं नव्हतं. ते पुल्कमध्ये पाय पसरून बसले आणि गुडघ्यांवर घोंगडी घेतली. नियमपुस्तक हातात होतं.

सुन्निवा स्कीवरून मागे, दोर धरून. मी वेळ नोंदवणारी, म्हणून नियमाप्रमाणे शंभर मीटर मागून. पाच किलोमीटरवर, जिथे वळायचं होतं तिथे, मंडळाच्या उरलेल्या चार सभासदांनी टेबल मांडलं होतं. त्यावर वॅफल, जॅम आणि वळल्याची नोंद करायची वही.

पॅडी हसत निघाला. किस्का मान खाली घालून पुढे, तिचा दोर इतका सैल की बर्फावर घासत होता. डहाळ्या एकामागून एक मागे जाऊ लागल्या. मध्ये एकदा मेजरसाहेबांनी हात वर केला, तेव्हा मला वाटलं काही बिघडलं. ते थर्मास उघडत होते.

चोविसाव्या मिनिटाला टेबल दिसलं. चौघंजण उभे राहिले. मी पुढे पाहिलं. टेबल मागे पडल्यावरही डहाळ्या चालूच होत्या. सरळ पूर्वेला, दर वीस मीटरला एक, दिसेनाशा होईपर्यंत.

तिथे मला कळलं. दहा किलोमीटर जाऊन येऊन म्हणजे पाच जायचे आणि पाच त्याच वाटेने यायचे. अडीचशे डहाळ्या पुरतात. आम्ही पाचशे दिल्या होत्या आणि एस्किलने पाचशे लावल्या होत्या.

सुन्निवाने वेग कमी केला. तिने विचारलं, "मेजरसाहेब, इथून वळायचं ना?"

मेजरसाहेबांनी टेबलाकडे पाहिलं, मग डहाळ्यांकडे, मग पुस्तकाकडे. एक सभासद, गावातला चांभार, तोंड उघडून पुढे आला. मेजरसाहेबांनी त्याच्यावर बोट रोखलं.

"नियम सात," ते म्हणाले. चांभाराने तोंड मिटलं. "शेवटची डहाळी आल्यावर वळायचं. ही शेवटची दिसत नाही. चला."

आम्ही टेबलासमोरून गेलो. चौघं हातात वॅफल घेऊन शांतपणे आमच्याकडे बघत होते. मीही काही बोलले नाही. सातवा नियम वेळ नोंदवणाऱ्यालाही लागू होता, आणि मी तो स्वतः टंकलिखित केला होता. मी बोलायला हवं होतं, हे मला पुढचे पाच किलोमीटर सारखं वाटत राहिलं.

सरोवर संपलं. डहाळ्या बर्चच्या रानात शिरल्या, एक चढ चढल्या आणि पलीकडे उतरल्या. सीमेचा पिवळा दगड बर्फाच्या बाहेर हातभर आला होता. एक डहाळी त्याच्या अलीकडे होती, पुढची पलीकडे. पाचशेवी डहाळी लोव्हिक या स्वीडिश गावाच्या पहिल्या अंगणात, लाकडांच्या शेडजवळ रोवलेली होती. अंगण स्वीडनचा जकात अधिकारी एलोफ तेंगमान याचं. तो दात घासत दारात आला होता.

मी पोचले तेव्हा मेजरसाहेब सुन्निवाला वळायला सांगत होते. वेळ उत्तम आहे, म्हणत होते. पॅडी उभा होता, जीभ बाहेर. किस्का बसली होती. तिने मान वळवून एकदा स्वतःच्या मागच्या अंगाकडे पाहिलं, आणि तिच्या पोटावरून एक लाट गेली. थोड्या वेळाने दुसरी. मी घड्याळ पाहिलं. दोन लाटांत चार मिनिटं.

"उठवा तिला," मेजरसाहेब म्हणाले. "मागे फिरलो नाही तर चाचणी नापास. हे मी सांगत नाही, पुस्तक सांगतंय."

सुन्निवा वाकली. नापास म्हणजे काय हे तिथे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. तिने किस्काच्या गळ्यातला पट्टा सोडला, छातीचा सोडला, आणि दोर बाजूला ठेवला.

"ती बसलीय, मेजरसाहेब," ती म्हणाली. "मीही बसते."

आणि ती खरंच बर्फात बसली, तो खराब गुडघा लांब करून.

एलोफने तोंड पुसलं. तो काही न विचारता किस्काला उचलून शेडमध्ये घेऊन गेला आणि घरातून गोधड्या मागवल्या. मग बाहेर येऊन त्याने मेजरसाहेबांना लवून नमस्कार केला. त्या काळी स्वीडिश माणूस कोणाला तोंडावर 'तुम्ही' म्हणत नसे, हुद्दा घेऊन बोलत असे.

"मेजरसाहेब जकात भरण्यासारखं काही घेऊन आले आहेत का?"

मेजरसाहेबांनी विचार करून उरलेला पाव दाखवला.

"मग मेजरसाहेब कॉफी घेतील," एलोफ म्हणाला.

त्याची बायको स्वेआ हिने टेबल मांडलं. स्वीडनमध्ये पाहुण्याला सात प्रकारची बिस्किटं देतात, आणि पाहुणा ती ठरलेल्या क्रमाने, एकही न गाळता खातो. मेजरसाहेब नियमाचे होते. त्यांनी पहिलं घेतलं. मी घर आणि शेड यांच्यात ये-जा करत होते, त्यामुळे मला दोन्हीकडचं माहीत आहे. दुसऱ्या बिस्किटाला पहिलं पिल्लू आलं. तिसऱ्याला काही नाही. चौथ्याला दोन, पाठोपाठ. पाचव्याला चौथं. ते श्वास घेत नव्हतं. सुन्निवाने त्याला टॉवेलमध्ये धरून चोळलं, पालथं केलं, पुन्हा चोळलं. मग ते शिंकलं. सहाव्या बिस्किटाला पाचवं आणि शेवटचं. पाचही पिल्लं आणि किस्का, सगळी जिवंत.

सुन्निवा भिंतीला टेकली. म्हणाली, "पाच. आणि सगळी सव्वीस दिवसांसाठी."

एलोफ जकात अधिकारी तर होताच, शिवाय आपल्या भागाच्या कुत्रा मंडळाचा चिटणीस होता. तिकडेही प्रत्येक जण कशाचा ना कशाचा चिटणीस असतो. त्याने खणातून अर्ज काढला. स्वीडनमध्ये नवी जात नोंदवायची तर आईबापांची लेखी वंशावळ, पिल्लांचा स्वीडनमध्ये जन्म आणि एका प्रतिष्ठित साक्षीदाराची सही, एवढं पुरे होतं. आर्नफिनने लिहून ठेवलेली वंशावळ कुत्र्यांसोबतच आली होती आणि सुन्निवाच्या टपालाच्या पिशवीत ती नेहमी असायची. जन्म शेडमध्ये झाला होता.

"मेजरसाहेब साक्षीदार होतील का?" एलोफने विचारलं. "पाच पिल्लं इथे जन्मली, एवढंच. मेजरसाहेबांनी पाहिलं आहे."

मेजर ग्राव्हडाल यांनी आयुष्यात कधी खोटी सही केली नव्हती, आणि खरी सही नाकारलीही नव्हती. सहाव्या आणि सातव्या बिस्किटांच्या मध्ये त्यांनी सही केली. नंतर स्वेआने त्यांचा पिल्लू हातात घेतलेला फोटो काढला.

किस्का आणि पिल्लं लोव्हिकलाच राहिली. दुपारपर्यंत बर्फ मऊ पडला, म्हणून मेजरसाहेब रस्त्याने, स्वीडिश टपालगाडीतून, एकशे चाळीस किलोमीटरचा वळसा घालून दुसऱ्या दिवशी घरी पोचले. चाचणीचा निकाल त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्याकडे पाठवला. 'परत न आल्याने नापास.' सुन्निवाला तो मीच नेऊन दिला. तिने टपालाचं पाकीट घ्यावं तसा घेतला आणि सही केली.

पुढचे दोन आठवडे ती रोज पॅडीला घेऊन टपाल वाटायची आणि एक दिवसाआड, विरघळत्या सरोवराला वळसा घालून, किस्काला बघायला जायची. मी खात्याला तीन पत्रं लिहिली. तिन्हींची पोच आली.

बावीस एप्रिलला स्वीडिश वर्तमानपत्राचा एक अंक आमच्या गावात आला. एलोफने सद्भावनेने मंडळाच्या पत्त्यावर पाठवला होता. पहिल्या पानावर ठळक मथळा होता: 'सायबेरियन हस्कीची उत्तरेतली पहिली पिल्लं आमच्या लोव्हिकची. नवी जात स्वीडनमध्ये दाखल.' खाली मेजरसाहेबांचा फोटो, हातात पिल्लू. फोटोखाली लिहिलं होतं की या मंगल प्रसंगी शेजारी देशातून एक निवृत्त मेजर मुद्दाम आले होते.

त्याच संध्याकाळी तातडीची सभा झाली. मेजरसाहेब उभे होते. त्यांचे वडील १९०५ साली, स्वीडनपासून आपण वेगळे झालो तेव्हा, बंदूक घेऊन त्याच पिवळ्या दगडाजवळ तीन आठवडे उभे राहिले होते. कोणी आलं नव्हतं, पण ते उभे होते. मेजरसाहेबांनी वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं आणि सभेला विचारलं की ही कुत्री बंदरावर उतरली ते बंदर कोणाचं होतं. नॉर्वेचं, असं सगळ्यांनी मान्य केलं. मग पहिली कोणाकडे आली? तेही मान्य झालं.

चाचणीचं काय, असं चांभाराने विचारलं. मेजरसाहेब म्हणाले की नियमपुस्तकात दहा किलोमीटर ओढणं आवश्यक आहे आणि जनावरांनी ते ओढलेलं आहे, त्यांनी स्वतः पुल्कमध्ये बसून पाहिलं आहे. परत येण्याबाबत पुस्तक म्हणतं 'जाऊन येऊन', पण किती वेळात यायचं हे म्हणत नाही. कुत्री येणारच आहे, पिल्लांनी दूध सोडलं की.

एस्किललाही बोलावलं होतं. इतक्या डहाळ्या का लावल्या, असं त्याला विचारण्यात आलं.

"पाचशे दिल्या होत्या," एस्किल म्हणाला. "पाचशे लावल्या. आदेशावर सही होती."

"सीमा ओलांडलेली दिसली नाही?"

"दिसली. पण डहाळ्या उरल्या होत्या."

मी एस्किलला लहानपणापासून ओळखते, त्याला मोजता येतं. पण इतिवृत्तात मी फक्त प्रश्न आणि उत्तर लिहिलं.

शेवटी कोणीतरी हसण्याचा मुद्दा काढला. नोव्हेंबरच्या इतिवृत्तात 'शंकास्पद' असा शेरा आहे, त्याचं काय करायचं?

मेजरसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "नॉर्वेतला कुत्रा हसला, तर स्वीडनला त्यात काय अडचण आहे?"

शिफारस अकरा मिनिटांत मंजूर झाली. मी घड्याळ लावून मोजलं. त्यात वॅफल वाटण्याची चार मिनिटं धरलेली आहेत. राजधानीत ती शिफारस वर्तमानपत्राच्या कात्रणासकट पोचली, आणि जिथे साधारण आठ महिने लागतात तिथे पाच दिवसांत मान्यता निघाली. मागची तारीख घालून, स्वीडनच्या नोंदीच्या एक दिवस आधीची. जातीचं वर्णन म्हणून मंडळाने जे लिहून पाठवलं होतं ते तसंच छापलं गेलं. त्यात शेपटीचे दोन्ही आकडे आहेत, आणि 'मुद्रा प्रसन्न' असंही आहे.

तीस एप्रिलला गुरुवारी सकाळी एस्किल आला. बंदूक नव्हती, कागद होता. सुन्निवाने त्याला दुसरा कागद दाखवला. त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले, आपल्या कागदावर 'कारवाई अनावश्यक' असं लिहिलं आणि तारीख घातली. मग टोपी काढली.

"आता मी कामावर नाही," तो म्हणाला.

सुन्निवाने किटली ठेवली. कप मी भरले. पॅडीने एस्किलच्या बुटावर हनुवटी टेकली. कॉफी अर्धी झाल्यावर एस्किल म्हणाला की एक गोष्ट सांगायची राहिली. खात्याचं आणखी एक पत्र आलंय. ती पाच पिल्लं जन्माने स्वीडिश आहेत, त्यामुळे त्यांना इकडे आणायचं तर आयात धरली जाईल. जात मान्य असल्याने अडचण नाही, फक्त प्रत्येक पिल्लाला मोठं झाल्यावर मंडळाची चाचणी द्यावी लागेल.

सुन्निवाने कप खाली ठेवला आणि एवढी हसली की पॅडी उठून उभा राहिला.

पिल्लांची चाचणी पुढच्या वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस झाली. त्याआधीच्या सभेत मी हात वर केला. सांगितलं की मार्ग जाऊन येऊन आहे, त्यामुळे डहाळ्या अडीचशे पुरतात. फळ्यावर आकृती काढून दाखवली. सगळ्यांना पटलं. पण मेजरसाहेबांनी एक मुद्दा मांडला. अडीचशे बरोबर म्हटलं तर पाचशे चूक होत्या असं होतं. पाचशे चूक, तर ती चाचणी चूक. ती चाचणी चूक, तर मान्यता कशावर उभी आहे? आणि मान्यता पडली तर उत्तरेत पहिली जात कोणाची?

कोणी काही बोललं नाही. ठराव मंजूर झाला.

"म्हणजे किती डहाळ्या, मेजरसाहेब?" सुन्निवाने विचारलं.

"पाचशे."

"बरं. मग मी डबा आणत नाही. एलोफकडे काहीतरी असेलच."

तेव्हापासून नॉर्वेतल्या या जातीच्या प्रत्येक कुत्र्याने आमच्या मंडळाची चाचणी स्वीडनमध्ये एका लाकडांच्या शेडजवळ संपवली आहे. डहाळ्या एस्किलच लावतो. नियमाप्रमाणे तिथून मागे वळायचं असतं, आणि सगळे वळतात, पण आधी आत जाऊन सात बिस्किटं खाल्ल्याशिवाय नाही. त्याचा नियम पुस्तकात नाही. किस्का आता म्हातारी झाली आहे, ओढत नाही. सुन्निवा तिला पुल्कमध्ये बसवून नेते, मेजरसाहेबांच्या जागी. भार अठ्ठ्याऐंशी भरत नाही, पण वजन करायला कोणी काटा आणत नाही.